जाळपट्ट्याचा पंचनामा

वणवा अडावा म्हणून आधीच जाळून ठेवायचा जाळपट्टा संध्याकाळी पेटवायचा असतो, वारा पडल्यावर. हे उकव्याच्या जंगलात अकरा हंगाम रखवाली केलेल्या डोमाजीने रेंजरला दोनदा सांगितलं होतं. पण रेंजरला चारची बैहरची बस गाठायची होती आणि सोमवारी मोठे साहेब तपासणीला येणार होते. हुकूम झाला, डोमाजीने भर दुपारी काडी लावली. घटकाभरात आग पट्टा ओलांडून बांबूत शिरली. तीन दिवस जळत होती.

सोमवारी सकाळी रेंजरने त्याला पंचनामा वाचून दाखवला. मोहफुलं वेचणाऱ्या गोदाबाई आणि इतर तीन बायकांनी झाडाखालचा पाला जाळला, म्हणून आग लागली. चौघी बाहेर ओट्यावर बसवून ठेवल्या होत्या. लाकडाच्या मोळ्यांसाठी मागे दंड झालेल्या, त्यामुळे नावं आयतीच सापडली होती.

"साहेब, मोहा आजून पडलाच नाही," डोमाजी म्हणाला. "महिना हाय त्याले."

रेंजर रागावला नाही. "अच्छा किया, बता दिया," म्हणत त्याने मोहा खोडला आणि वर लिहिलं, तेंदूच्या नव्या पानांसाठी झुडपं पेटवली. आता तारीख, हंगाम, सगळं चोख जुळलं. खोट्याची फट डोमाजीनेच लिंपून दिली होती.

रेंजरने शाईची डबी पुढे सरकवली. "अंगूठा लगा, डोम्या."

"मले लिहिता येते," डोमाजी म्हणाला आणि पेन घेतलं. बौद्धवाड्यातल्या रात्रशाळेत शिकलेल्या अक्षरांत त्याने पंच म्हणून आधीच झालेल्या गावच्या पटेलाच्या सहीखाली लिहिलं : आग पट्ट्यातून गेली. भर दुपारी मी लावली. रेंजर साहेबाच्या हुकमानं.

रेंजरने ते दोनदा वाचलं. नव्या कागदावर पटेलाची सही पुन्हा लागणार होती आणि पटेल पहाटेच लालबर्‍याला गेला होता. मोठ्या साहेबांची जीप तर घाट चढत होती.

"डोमाजी, बैठो," रेंजर गोड आवाजात म्हणाला. त्याने स्वतःच्या बशीत चहा ओतून पुढे केला, पक्क्या नोकरीचं बोलू लागला. ही नोकरी डोमाजी सहा वर्षं मागत होता. रेंजरचा अंगठा चहात बुडाला होता.

डोमाजी उठून बाहेर आला. ओट्यावर गोदाबाई पदराने तोंड झाकून बसली होती.

"घरी जाय, बाई," तो म्हणाला. "मोठ्या साहेबाच्या जीपसाठी थांबतो मी."