लवकर लागलेली सुट्टी

आमच्या लाँड्रीत पाळी गेली असं कुणी म्हणत नाही, सुट्टी लागली म्हणतात. हा शब्द प्रेसवालीने काढला. बेचाळिसाव्या वर्षी तिची गेली, तेव्हा इस्त्री उभी करून ठेवत तिने जाहीर केलं की आपल्याला कायमची सुट्टी लागली, आणि तीही भरपगारी. आम्ही पोट धरधरून हसलो. पुढच्या वर्षी माझी गेली, मी एकेचाळीस वर्षांची होते. जिच्या हाताखाली मी काम शिकले त्या म्हाताऱ्या बाईची तर चाळिशीच्या आतच गेली होती. आम्हाला तो मागच्या खोलीचा मानच वाटायचा. पुढे काउंटरवर बसणाऱ्या बायका पन्नाशी आली तरी दर महिन्याला कंबर धरून बसायच्या, आणि आम्ही मोकळ्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी स्वतः म्हटलेलं आहे.

मागच्या खोलीत मी एकोणीस वर्षं डाग काढते. कपडा दिव्याखाली धरायचा, डाग कशाचा ते ओळखायचं, कापसाच्या बोळ्यावर औषध घ्यायचं आणि कडेकडून आत टिपत जायचं. घासायचं नाही, घासलं की डाग पसरतो. औषध म्हणजे डब्यातलं केमिकल. त्याला औषध का म्हणतात कोण जाणे, पण म्हणतात. नवीन माणूस खोलीत आला की आधी नाकाला हात लावतो. आम्हाला वास येत नाही. खिडकी उघडली तर रस्त्यावरची धूळ धुतलेल्या कपड्यांवर बसते, म्हणून खिडकी बंद. हा नियम माझा.

सुट्टीबरोबर बाकीचंही यायचं ते आलं. कुणाच्या तरी कोटावर वाकलेली असताना छातीतून आग निघायची आणि मानेवरून डोक्यात जायची. सांधे आखडायचे, झोप तुटायची. मग हळूहळू सगळंच बोथट झालं. रागही येईना आणि रडूही येईना. माझा मोठा भाऊ गेला तेव्हा मी सगळ्यांना पाणी दिलं आणि चपला नीट ओळीत लावल्या. लोक म्हणाले, किती धीराची. धीर कसला, आत काही हललंच नव्हतं.

नणंदेने मला ताब्यात घेतलं. चहा कमी कर, साखर सोड, रोज चालायला जा, संध्याकाळी लवकर जेव, प्लास्टिकच्या डब्यात गरम काही ठेवू नकोस. ती स्वतः सोफ्यावरून उठून दारापर्यंत यायची नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. पण मी ऐकलं. चार चहांचा एक केला, रोज चाळीस मिनिटं चालले. खोटं कशाला बोलू, झोप सुधारली, आगही थोडी उतरली. बोथटपणा मात्र होता तसाच राहिला, आणि त्याचं वाईट वाटायलाही काही शिल्लक नव्हतं.

सुनेला मागच्या खोलीत मीच आणलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, माझा मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीला गावोगाव फिरायचा आणि ही दिवसभर घरात भिंतीकडे बघत बसायची. म्हटलं, चल माझ्याबरोबर, हाताला काम आणि मला सोबत. मालकांनी लगेच हो म्हटलं. पोरगी चलाख निघाली. शाईचा डाग ती माझ्यापेक्षा हलक्या हाताने काढते, माझ्या एका हाकेला दोन वेळा ओ देते. आम्ही पाच वर्षं एका टेबलावर समोरासमोर बसतोय. तिच्या पहिल्याच आठवड्यात प्रेसवाली तिला म्हणाली होती की इथे बसलीस ना, आता तुलाही लवकर सुट्टी. तीही हसली होती.

यंदा तिचे दोन महिने चुकले. कधी नव्हे ते घर बोलायला लागलं. मुलाने काही न सांगता कपाट सरकवून पलंगाशेजारी पाळण्यापुरती जागा केली. नणंदेने फोनवर माझा चहा सोडून सुनेचं दूध धरलं. घरी केलेल्या तपासणीत काही दिसलं नाही, पण सून म्हणाली की ती पट्टी कधीकधी चुकते, आणि आम्ही सगळ्यांनी ते धरून ठेवलं.

मग एका सकाळी, रस्त्यावर लोक गळ्याला मफलर गुंडाळून चाललेले असताना, तिने समोर बसल्या बसल्या बाह्या वर सारल्या. गळ्याचं बटण काढलं. मान लालेलाल झाली होती. कापसाचा कोरा बोळा घेऊन तिने ओठावरचा घाम टिपला, कडेकडून आत, जसा डाग टिपतात तसा. आई, किती उकडतंय आज, असं म्हणाली. मी हो म्हटलं. मला त्याच क्षणी कळलं होतं. मी हातातल्या कोटाची कॉलर पूर्ण केली आणि दुसरी बाजू घेतली.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासण्या केल्या आणि आठवड्याने आम्हा दोघींना समोर बसवलं. बाई वयाने सुनेएवढ्याच असतील. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. दिवस गेलेले नाहीत, आणि तेहेतिसाव्या वर्षी हिचं शरीर पन्नाशीच्या बाईसारखं वागायला लागलंय, असं सांगितलं. सून कागदाकडे बघत राहिली. मग बाईंनी पेन उघडलं आणि विचारलं, घरात कुणाची पाळी लवकर गेली होती का?

"हो, आईंची," सून म्हणाली. "एकेचाळिसाव्या वर्षी."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि मला विचारलं की माझ्या आईची कधी गेली. बावन्नाव्या, मी म्हटलं. बाई जरा गोंधळल्या.

"तुम्ही हिच्या आई ना?"

"सासू."

बाईंचं पेन थांबलं. त्यांना हसू आलं, पण चांगल्या बाई होत्या, त्यांनी ते आवरलं. लिहिलेलं खोडत त्या म्हणाल्या की यात सासू धरत नाहीत, रक्ताचं नातं लागतं. सून ओशाळली. मला वाटलं घरातलं विचारताय, असं पुटपुटली. तिच्या स्वतःच्या आईला शेवटचं मूल त्रेचाळिसाव्या वर्षी झालेलं. मग हिच्या घराण्यात असं काही नाही, बाई म्हणाल्या आणि पुढच्या रकान्याकडे वळल्या.

तेव्हा मी बोलले. का बोलले ते सांगता येत नाही, इतकी वर्षं मला कुणी विचारलंही नव्हतं की मी दिवसाचे नऊ तास कुठे बसते.

"आम्ही दोघी एकाच खोलीत काम करतो," मी म्हटलं.

मग त्यांनी सगळं काढून घेतलं. कसली खोली, कसलं औषध, खिडकी किती वेळ उघडी असते, आणखी कुणाकुणाची लवकर गेली. मी प्रेसवालीचं सांगितलं, म्हाताऱ्या बाईचं सांगितलं. आम्ही त्याला काय म्हणतो तेही सांगितलं. दवाखान्यातल्या त्या खोलीत कुणी हसलं नाही. औषधामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पुष्कळदा कारण सापडतच नाही, असं त्या म्हणाल्या. पण आजपासून हिने तिथे पाऊल टाकायचं नाही, आणि जमलं तर तुम्हीही नाही. मूल होण्याबद्दल सुनेने विचारलं. अगदीच अशक्य म्हणणार नाही, एवढंच बाईंनी सांगितलं, आणि ते त्यांनी कागदाकडे बघून सांगितलं.

बाहेर बाकावर आम्ही औषधांच्या खिडकीसमोरची रांग ओसरायची वाट बघत बसलो. मग सुनेने माझ्याकडे न बघता विचारलं.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं का हो?"

ती यायच्या वर्षभर आधी केमिकलचे डबे पोचवणारा माणूस डबा ठेवताना मला म्हणाला होता की ज्या बाईला मूल व्हायचंय तिने या डब्यापाशी बसू नये, आणि खिडकी तरी उघडी ठेवा. मी त्याला म्हटलं होतं, आमचं सगळं उरकलंय, तुम्ही पावतीवर सही घ्या. सुनेला पहिल्या दिवशी टेबलावर बसवलं तेव्हा ते वाक्य मला आठवलं होतं. अगदी स्पष्ट आठवलं होतं. तेवढ्यात तिने विचारलं की कापूस कुठे असतो, आणि मी तिला कापूस दाखवला.

"नाही गं," मी म्हणाले. "मला कुठून ठाऊक असणार?"

तिने मान हलवली आणि माझा हात हातात घेतला. म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नऊ वर्षांत तिने माझ्या एकाही शब्दावर शंका घेतलेली नाही.