ओट्यावरचं बोलणं

पायांपुढच्या दगडी पन्हळीतलं पाणी त्या सकाळी दोन बोटं उतरलं होतं. फिलेरोसच्या ते लगेच लक्षात आलं. पन्हळ भरलेली असली की पाण्याच्या खळखळाटात बोलणं विरून जातं. पाणी उतरलं की वीस जणांच्या संगमरवरी ओट्यावरचा शब्द न् शब्द दारापर्यंत येतो. ऑस्टियाच्या रोमन बंदरावरच्या या सार्वजनिक शौचालयाची देखभाल तो नऊ वर्षं करत होता. ओटा पुसायचा, लोकांनी अंग पुसायला वापरलेल्या, स्पंज बांधलेल्या काठ्या खारट पाण्यात विसळून ठेवायच्या आणि कान उघडे ठेवायचे.

कानांचं काम जुन्या धन्याचं. विबियसने त्याला गुलामीतून मोकळं केलं, ही नोकरी लावून दिली; इथं कोण काय बोलतं ते दर आठ दिवसांनी त्याच्या कानावर घालायचं, एवढीच अट. गेल्या हिवाळ्यात फिलेरोसने सहज एक नाव घेतलं आणि हमाल दामाला बंदरावर पुन्हा काम मिळालं नाही. तेव्हापासून हे थांबवायचं असं तो रोज ठरवी आणि रोज पुढं ढकली.

आता विबियसच्या कोठारातला गहू ओला निघतो, अशी कुजबुज होती. ती सुरू करणारा तुर्पिलियस, दोरखंड वळणारा, आत्ता तिसऱ्या भोकावर बसून शेजाऱ्याला आपली गुडघेदुखी सांगत होता.

"फिलेरोस, तुझा स्पंज माझ्या सासूपेक्षा खरखरीत आहे रे," तुर्पिलियस ओरडला.

"मग सासूकडंच जायचं होतं," फिलेरोस त्याच्याकडे न बघता म्हणाला. सगळे हसले.

विबियस आत आला तसं हसू ओसरलं. अंगरखा सावरत तो नेमका तुर्पिलियसशेजारी टेकला, त्याची विचारपूस केली आणि इथल्या रीतीप्रमाणे बसल्या बसल्या त्याला संध्याकाळच्या जेवणाचं आमंत्रणही दिलं. तुर्पिलियस भारावून गेला. फिलेरोस त्या दोघांकडे बघत एकच काठी पुन्हा पुन्हा विसळत राहिला.

मग विबियसने काठीसाठी हात पुढं केला आणि फिलेरोसला जवळ ओढत पुटपुटला, "ओल्या गव्हाची अफवा कुणी उठवली, नाव कळलं का? तिसऱ्यांदा विचारतोय. कुणामुळं मोकळा फिरतोस, ते विसरू नकोस."

हळूच 'अजून नाही' म्हटलं असतं, तर आणखी आठ दिवस निघाले असते. मोठ्यानं बोलावं, तर आपण नऊ वर्षं काय करत होतो ते या सगळ्यांना कळणार होतं; तुर्पिलियसलाही.

फिलेरोसने काठी सोडून दिली.

"धनी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नऊ वर्षं मी इथलं बोलणं तुमच्याकडं पोचवलं. आजपासून नाही पोचवणार."