चौदा दिवसांचा ग्रह

"उस्ता, जरा सरका ना. तुमची सावली पडतेय माझ्या ग्रहावर."

पेरिहानने भिंतीवर चिकटवलेल्या कागदासमोरून नेजाती सरकला. नजर मात्र सरकली नाही. कागदावर ठिपके होते, काही वर, काही खाली, आणि त्यांच्यामधून लाटेसारखी रेघ. शुक्रवारचे तीन वाजले होते. सहा वाजता तिचे प्राध्यापक हाल्दुन होजा शहरातून तिचा निबंध परदेशी नियतकालिकाकडे धाडणार होते. केक त्यांनी सकाळीच मागवला होता. होजा माणूस असा, की मूल व्हायच्या आधी पाळणा बांधायचा, आणि झालं नाही तर सुईणीशी भांडायचं.

नेजाती टॉरसच्या या डोंगरावरच्या वेधशाळेत सव्वीस वर्षं दुर्बीण फिरवत होता, म्हणून सगळ्यांचा उस्ता, कसबी कारागीर. एवढ्या काळात चौदा जण इथं राहून डॉक्टरेट मिळवून गेले. त्यांतल्या तिघांच्या बायरामला, म्हणजे ईदला, आठवणीने शुभेच्छा यायच्या. पेरिहान चौथी होईल असा त्याचा अंदाज होता. तो सहसा चुकत नसे.

"परत एकदा सांग पोरी. तारा हलतो म्हणजे काय?"

"म्हातारा, फुगलेला तारा आहे हा, उस्ता. असले तारे फुगताना जवळचे ग्रह गिळून टाकतात. म्हणून त्यांच्या इतक्या जवळ ग्रह सापडत नाही. हा एक वाचलाय. जाता-येता ताऱ्याला हिसका देतोय. चौदा दिवसांत एक फेरी."

"चौदा."

"सात दिवस वर, सात दिवस खाली."

सात दिवस वर आणि सात दिवस खाली, हे तर नेजातीचंच आयुष्य होतं. एक आठवडा डोंगरावर, एक घरी. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर पाळी बदलायची आणि त्याच्या जागी शाकीर वर यायचा.

"वरच्या ठिपक्यांच्या तारखा वाच."

"तीन मार्च ते नऊ. सतरा ते तेवीस. मग एकतीसपासून..."

सगळे त्याचेच आठवडे. विद्वानांना आकाशाचं पंचांग तोंडपाठ असतं. जिन्यातला पाळ्यांचा तक्ता कुणी वाचत नाही.

"तो दुसरा, शांत तारा घेता ना ताडून बघायला? तो नाही हलत?"

"अजिबात नाही. दर चौथ्या शनिवारी घेतो आपण."

म्हणजे नेहमी शाकीरच्याच पाळीत.

"आणि हे सुरुवातीचे ठिपके? सपाट का?"

"ते पहिल्या वर्षाचे. होजा म्हणाले, तेव्हा यंत्र नीट बसलं नव्हतं. सोडून दिले."

यंत्र चांगलं बसलं होतं. नेजातीने स्वतः बसवलं होतं. डोळाही तेव्हा चांगला होता.

गेल्या वर्षी वसंतात खालच्या डॉक्टरने सांगितलं होतं, उजव्या डोळ्याचा मधला भाग झिजतोय. मग नोकरीतली तपासणी आली. रांगेत पुढे असलेल्या शाकीरने मोठ्याने वाचलेली अक्षरं नेजातीने पाठ केली आणि घडाघडा म्हणून टाकली. अधू डोळ्याच्या माणसाला खाली गोदामात बसवतात. आता निवृत्तीला अकरा महिने उरले होते. ते त्याला दुर्बिणीपाशीच काढायचे होते.

दार ढकलून शाकीर आत आला.

"अजून इथंच? घरी वहिनीने सारमाचं पातेलं चढवलंय, आणि हा बघा, कागदाला डोळा मारतोय!"

खरंच, नेजातीचा डावा डोळा मिटलेला होता. पूर्वी नळीला डोळा लावून तारा यंत्राच्या फटीवर धरायचा, तेव्हाची ही खोड. संगणकाचा पडदा येऊन नऊ वर्षं झाली तरी तारा धरताना तो एकाच डोळ्याने बघायचा, आणि नेमक्या उजव्या. त्या अरुंद फटीत प्रकाश मधोमध पडला नाही, की वर्णपटातल्या रेघा केसभर सरकतात. आणि ते सरकणं म्हणजे ताऱ्याचं हलणं, असं हे लोक मानतात.

साडेचार झाले. त्याला घरी न्यायला खाली गाडी उभी होती. तो गेला असता तर कुणाला कळणार होतं? वर्षभराने दुसऱ्या कुठल्या तरी दुर्बिणीला हा ग्रह सापडला नसता, आणि जन्मभराचं हसं या पोरीचं झालं असतं. होजा काय, भांडायला मोकळे.

"पेरिहान, होजांना थांबव."

"का?"

"काल साठवलेलं चित्र लाव पडद्यावर. तारा आणि फट." तिने लावलं. "आता मी फटीच्या मधोमध बोट ठेवतो. तू बघ."

डावा डोळा आपोआप मिटला. बोट टेकलं.

"उस्ता," शाकीर हळूच म्हणाला, "मस्करी करतोयस ना?"

"तू ठेव."

शाकीरचं बोट नेजातीच्या बोटाच्या उजवीकडे, नीट फटीवर पडलं.

पेरिहानने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. मग ती जिन्यापर्यंत धावत जाऊन तक्ता वाचून आली.

"दीड वर्ष, उस्ता! दीड वर्ष तुम्हाला दिसत नव्हतं, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"दिसत होतं. पण वाकडं दिसतंय, हे आत्ता तुझ्या ठिपक्यांनी सांगितलं."

तिने फोन लावला. "होजाम, निबंध धाडू नका... नाही, ग्रह नाही... चूक आहे, आमच्या बाजूची..." पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येण्याइतका चढला. "आमच्या म्हणजे कुणाच्या, पेरिहान? तुझ्या?"

नेजातीने फोन तिच्या हातातून घेतला. "माझ्या, होजाम. नेजातीच्या उजव्या डोळ्याची. तसंच लिहून घ्या."

त्याने फोन परत दिला आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. "पुसू नकोस काही. एकेक रात्र विचार. कुठल्या रात्री तारा कसा धरला होता, सांगतो. कामाचं तेवढं वाचव."

मग नाक पुसून तिने यादी उघडली. शाकीरने चहा आणून ठेवला. खाली गाडीचा भोंगा दोनदा वाजला.

"एकोणीस मार्च," पेरिहान म्हणाली. "तुमचीच रात्र, पण ठिपका खाली आहे. होजांनी चुकीचा म्हणून वगळलाय."

नेजातीने आठवून पाहिलं. "वारा होता. उजव्या डोळ्यात खडा गेला होता, रुमाल बांधून डाव्याने काम केलं." मग तो म्हणाला, "ती बरोबर आहे. ती ठेव."

तिने तो ठिपका परत घेतला. खाली ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.