ब्लोअर धरून बसलेली घोरपड

भीमाबाईच्या पोह्यावरची तर्री अशी, का वास सुटला की सक्करदऱ्याच्या तलावातल्या मासोळ्या डोकं वर काढून शिंकत. आता हे सांगे कोण, त भीमाबाईच. अन् तिची सून मेघा गिऱ्हाइकाच्या हाती प्लेट देता देता मान हलवे.

पण त्या दिवशी दुपारी मेघाचं गोष्टीत ध्यान नव्हतं. ठेल्यावरच्या पेलेटच्या शेगडीचा ब्लोअर जाम झाला होता. भुशाच्या दाबलेल्या कांड्यांवर चालणारी शेगडी ते. खालून ब्लोअरची हवा नाही लागली, त जाळ नाही, नुसता धूर. सकाळी तसंच झालं. गिऱ्हाईक खोकत खोकत निघून गेलं.

मेघाचा नवरा संघपाल आधीच बोलून बसला होता, "आता पुन्हा बंद पडली त भंगारात देतो. आई, तू घरी आराम कर." संध्याकाळी तो ऑटोत भंगारवाल्याले घेऊनच येणार होता. ठेला गेला त ही बाई गोष्टी सांगणार कोणाले? भिंतीले? मेघाले ते सोसलं नसतं. ती तडक सीताबर्डीले गेली अन् तसाच नवा ब्लोअर घेऊन आली.

"पिन काढली का वं?"

"काढली, आई."

राख थंड झालेली पाहून मेघानं शेगडी आडवी केली अन् खालच्या पत्र्याचे स्क्रू सोडवले. भीमाबाई स्टुलावर टॉर्च धरून बसली होती. उजेड सारा तिच्या स्वतःच्याच तोंडावर, कारण गोष्ट सुरू झाली होती.

"सांगतो तुले, काल तलावातून घोरपड आली. आत घुसली अन् पंख्याले धरून बसली, ते सोडेच ना!"

"केवढी होती?"

"शेपूट ठेल्यात, तोंड रस्त्याच्या तिकडं. एका सायकलवाल्याले खाली उतरा लागलं."

"उजेड इकडं धरा न, आई."

कोणती वायर कुठं होती त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून मेघानं वायरी सुटवल्या, ब्लोअर ओढून बाहेर काढला. बोटानं पंखा फिरवून पाहिला. हलेना. मधल्या दांडीले पिवळा थर बसला होता, वाळल्या डिंकावाणी. तिनं वास घेतला.

जवस.

मेघाच्या डोक्यात उजेड पडला. उन्हाळा लागला की कूलरच्या मोटरीले घरोघरी तेल देतात. सासूबाईनं शेगडीच्या पंख्यालेही दिलं असन, मायेनंच. पण दिलं ते आपल्या गुडघ्याले चोळते ते जवसाचं! गरमीनं ते वाळलं अन् पंख्याले चिटकवून बसलं.

तिनं वर पाहिलं. गोष्ट थांबली होती. टॉर्च आता बरोबर ब्लोअरवर होता.

"घोरपडीची लाळ असन," भीमाबाई हळूच म्हणाली.

"असन," मेघा म्हणाली. "लय चिकट आहे बाप्पा."

मग नवा ब्लोअर बसला. त्याच्यावरचा हवेचा बाण जाळाकडं, वायरी फोटोतल्यासारख्या, स्क्रू कसून. पिन लावली तसा घुर्रर्र आवाज आला. कांड्या पेटल्या अन् निळसर जाळ सरळ उभा राहिला.

"मायबाई! जपून वं, ढग पेटतील!" भीमाबाईनं टाळी वाजवली.

तेवढ्यात संघपाल आलाच, मागं भंगारवाला. जाळ पाहून तो थबकला.

"काय झालं होतं?"

मेघानं सासूकडं पाहिलंच नाही. "घोरपड घुसली होती. चांगली हातभर."

"हातभर?" भीमाबाईले राहवलं नाही. "भेवानं तुनं डोळे मिटले होते, मेघा. दोन पुरुष लांब होती!"

संघपालनं जुना ब्लोअर उचलला, नाकाजवळ नेला. आईच्या गुडघ्याचा वास त्याले लहानपणापासून ठाऊक.

"आई, घोरपड जवसाची चटणी खाऊन आली होती काय वं?"

"आपल्याकडचीच होती गा," भीमाबाई म्हणाली. "बिना चटणीची कशी राहीन?"

संघपाल हसला. जुना ब्लोअर त्यानं भंगारवाल्याच्या हाती दिला. "हे घेऊन जा, भाऊ. शेगडी राहू दे. उद्या सकाळी पोहे खाले ये."