कडी बघणारा

चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी लोकांना एकच प्रश्न विचारते, "आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं?" आणि दहातले नऊ जण म्हणतात, "परत एकदा दाखवा." त्या रविवारी टेकडीवर पतंगवाल्याने मला तोच प्रश्न विचारला तेव्हा हसू येता येता राहिलं. पतंगवाला म्हणजे हँग ग्लायडर, ज्याला लटकून माणूस उडतो तो मोठा कापडी पंख, विकणारा माणूस. तोंडावर आम्ही त्याला साहेब म्हणतो. गाडीच्या टपावर दोन नवे ग्लायडर बांधून तो आला होता. उडवून बघा, आवडला तर घ्या, असा त्याचा खाक्या.

घ्यायचा मला होता. तीन वर्षं मी दादाच्या जुन्या ग्लायडरवर शिकले. तो शिकाऊंसाठीचाच, हळू चालणारा आणि सगळ्या चुका पोटात घालणारा. "आता पुढचा घे, छोटे," असं दादाच महिनाभर मागे लागला होता. मी चौतीस वर्षांची आहे, पण त्याच्यासाठी छोटीच.

दादा स्वतः आता उडत नाही. पूर्वी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर लोकांना वरखाली करायचं आणि रविवारी आपण वर जायचं, असं म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी उतरताना ग्लायडरचं नाक जमिनीत घुसलं आणि त्याचं डोकं आपटलं. हाडं जुळली, डोकं पूर्वीसारखं झालं नाही. सकाळची गोळी घेतली की नाही, हे त्याला दुपारी सांगता येत नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी कागद चिकटवलाय, गोळी घेतली की खूण करायची. कधी एकाच तारखेपुढे दोन खुणा दिसतात. मग मी डबी ओट्यावर पालथी करते, राहिलेल्या गोळ्या बघते आणि त्याच्यावर ओरडते. नंतर लाज वाटते, पण ओरडणं काही थांबत नाही. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो.

डॉक्टरांनी उडायला कायमची मनाई केली. कामही सुटलं. उरली ती टेकडी, आणि टेकडीवरचं एक काम.

उडणाऱ्याच्या अंगात हार्नेस, म्हणजे पट्ट्यांचा अंगरखा, असतो आणि त्याच्या पाठीमागे एक जाड लोखंडी कडी लोंबत असते. ती ग्लायडरच्या पट्ट्यात अडकवली की माणूस आणि पंख एक. अडकवायची राहिली तर पंख एकटाच उडतो. हे कोणी विसरेल का, असं ऐकणाऱ्याला वाटतं, पण विसरतात. चांगले जुनेजाणते विसरतात. म्हणून धावण्याआधी दुसऱ्या कोणीतरी वाकून कडी ओढून बघायची असते. ते काम दादाने घेतलं. तो उकिडवा बसायचा, विचारायचा, "कडी?" मग हाताने ओढायचा आणि स्वतःच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "लागली!" त्या शब्दाशिवाय आमच्यातलं कोणी पाऊल उचलत नसे. सगळे त्याला कडीमास्तर म्हणायचे आणि तो खुशीत असायचा. मला वाटायचं, या कामाला आठवण कशाला लागते? समोर दिसतं ते बघायचं. म्हणून भिंतीवरच्या त्या दोन खुणांबद्दल मी टेकडीवर कुणापाशी बोलले नव्हते.

सकाळी पहिला ग्लायडर उडवला. जुन्याचाच भाऊ, फक्त रंग नवा. दुसरा वेगळा होता. पंखाला वरून कापड आणि खालूनही कापड, वेग जास्त, वजनही जास्त. दोघांनी तो धरला आणि उंची बघायला मी कडी अडकवून हातात धरायच्या दांड्यावर आडवी लटकले. दादाने ओढून बघितली. "लागली!"

"पोट दांड्याला घासतंय मॅडम," पतंगवाला म्हणाला. "पट्टा थोडा आखूड करू." मी कडी काढली आणि उठून बाजूला झाले. त्याने दुसरा पट्टा बसवला. तेवढ्यात समोरून वारा सुरेख यायला लागला, वारा बघायला लोकांनी हातात धरलेल्या रिबिनी सरळ आडव्या झाल्या. "निघा, निघा, असा वारा पुन्हा मिळायचा नाही!" मी ग्लायडर खांद्यावर घेतला आणि उताराच्या तोंडाशी आले.

"कडीमास्तर, बघितलंत?" पतंगवाल्याने विचारलं.

"मघाशीच," दादा म्हणाला. "लागली!"

तो शब्द ऐकला आणि मी निश्चिंत झाले. मला स्वतःला काहीच आठवलं नाही, हेही सांगायला हवं. डोकं तर माझं शाबूत होतं.

शिकवताना दादाने एक सवय लावली होती. धावण्याआधी ग्लायडर इतका वर उचलायचा की हार्नेसचे पट्टे मांड्यांना ताणले गेले पाहिजेत. कडी लागलेली असली तरच ते ताणतात. पुढे मी ते सोडून दिलं, दादा कडी बघतोय तर नवशिक्यांचे चाळे कशाला म्हणून. त्या दिवशीही मी काही शहाणपणाने उचलला नाही. नवा ग्लायडर जड होता, तोल कळावा म्हणून उचलला.

मांड्यांना काहीच ताणलं नाही.

पुढे दोन पावलांवर उतार संपत होता. मी ग्लायडर खाली टेकवला.  मागे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मनात आलं, गुपचूप हात मागे न्यावा, कडी अडकवावी आणि उडून जावं. दादाला कधी कळणारही नाही, त्याची टेकडी त्याला राहील. माझ्या एकटीचा जीव असता तर मी तसंच केलं असतं. पण मागे अकरा जण रांगेत उभे होते, सगळे त्याच्या "लागली"वर भरवसा ठेवून. त्यात एकीला लहान मूल होतं.

"दादा," मी म्हटलं, "परत एकदा बघ."

"अगं बघितलं की!"

"बघ ना रे."

तो कुरकुरत खाली बसला. मग त्याचं कुरकुरणं थांबलं. माझ्या पाठीमागे लोंबणारी कडी त्याने हातात घेतलेली मला कळली. बराच वेळ ती नुसती धरून ठेवली. मग अडकवली, आटा फिरवून बंद केली, दोनदा ओढली. 

पतंगवाल्याचा चेहरा उतरला. "काळ आला होता मॅडम, पण वेळ आली नव्हती."

"वेळ मीच आणली होती," दादा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उड. आज उडली नाहीस तर पुन्हा उडणार नाहीस."

मी पुन्हा उचलला, मांड्यांना ताण आला, धावले. असा ग्लायडर मी कधी उडवला नव्हता. जरा मनात आणलं की वळायचा, वारा मिळाला की सरसर वर चढायचा. मी हेल्मेटच्या आत ढसाढसा रडत होते आणि त्याच वेळी मला तो ग्लायडर हवासा वाटत होता. दोन्ही खरं होतं.

वळून टेकडीच्या माथ्यावरून गेले तेव्हा खाली सगळे दादाभोवती गोळा झालेले दिसले. तो मधे उभा राहून बोलत होता. एक हात पाठीमागे नेऊन काहीतरी दाखवत होता, रिकामा हात. कडीचं काम सोडतो असं सांगताना मी थांबवेन म्हणून त्याने मला आधी वर पाठवलं होतं. बोलून झाल्यावर तो गाडीकडे एकटाच चालत गेला. कोणीतरी त्याच्या मागे धावलं, त्याने हाताने परत पाठवलं.

ग्लायडर मी घेतला. "आता बरं की मघाशी बरं होतं?" पतंगवाल्याने विचारलं. आता, असं मी म्हणाले. त्यापेक्षा मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नाही.

पुढच्या रविवारी मीच दादाला ओढून टेकडीवर नेलं. घरी बसून तो भिंतीवरच्या कागदाकडे बघत राहिला असता. तो आला, पण घडीची खुर्ची उताराकडे पाठ करून मांडली. त्या लहान मूल असलेल्या बाईने वाकून माझी कडी ओढली. "ओके," ती म्हणाली. मी ग्लायडर उचलला, मांड्यांना ताण आला. सगळं ठीक होतं. तरी माझे पाय हलेनात.

"दादा," मी हाक मारली, "जाऊ?"

तो वळला नाही. "मला नको विचारूस, छोटे."

मी उभीच राहिले. वारा पडायला लागला. मागच्यांपैकी कोणी घाई केली नाही.

"अगं जा ना," तो शेवटी म्हणाला, तसाच पाठमोरा. मग मी धावले.