वाटीवरची मोहरी

संजनाने फुगा कापून स्टीलच्या वाटीवर ताणून बसवला आणि त्यावर मोहरी पसरली. दुसरीच्या वर्गाला घरी करायला दिलेला प्रयोग होता.

"बाई म्हणाल्या, आवाज म्हणजे थरथर," तिने सांगितलं आणि वाटीजवळ ताट धरून त्यावर उलथनं हाणलं. दाणे उडाले.

वाटीला हात लावून बसलेली तिची दोन वर्षांची बहीण यशू खिदळली.

"आजी, तिला कळलं!"

"कळणारच. नात कुणाची आहे?" लताबाई म्हणाल्या.

मुलींची आई स्नेहा यशूच्या हाताकडे बघत होती. यशू अजून एकही शब्द बोलत नव्हती. स्नेहाने कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं: तोफ झाली की पोरगी दचकते, मग कान खराब कसे? देवळाली कॅम्पात लष्कराच्या सरावाच्या तोफा नेहमीच्याच. यशू दचकायची, हे खरं होतं. तेवढ्या आधारावर स्नेहाने वर्ष काढलं होतं.

"संजू, तिचा हात बाजूला कर. आता मागे उभी राहून वाजव."

संजनाने ताट वाजवलं. यशू सांडलेले दाणे वेचत राहिली.

"खेळात आहे ती. लगेच तोंड पाडू नकोस," लताबाई म्हणाल्या.

तेवढ्यात तोफ झाली. खिडकीची काच वाजली. लोखंडी कपाटाला टेकून बसलेल्या यशूने दचकून मागे पाहिलं.

"घे! झालं समाधान?"

स्नेहाने कपाटाच्या दारावर तळवा ठेवला. दार अजून थरथरत होतं. तिने हात काढला, यशूला उचललं आणि पलंगावरच्या जाड गादीवर मधोमध बसवलं, खिडकीकडे पाठ करून.

"आई, पुढच्या तोफेला बघू."

"एवढ्याशा लेकराची परीक्षा घेतेस?" लताबाई म्हणाल्या. पण त्याही उभ्या राहिल्या. संजनाने आधीच कानांत बोटं घातली होती.

तोफ झाली. लताबाईंचे खांदे उडाले. यशू फुग्याचा उरलेला तुकडा ओढत बसली होती.

"मम्मी, यशूला..."

"गप्प बस, संजू."

लताबाईंनी संजनाजवळचं ताट उचललं. यशूच्या मागे जाऊन वाजवलं. मग जोरात वाजवलं. मग इतक्या जोरात, की शेजारच्या कुसाबाई गॅलरीतून ओरडल्या, "अहो, काय झालं?"

यशूने मान वळवली नाही. लताबाई समोर आल्या, तेव्हा मात्र हसून तिने दोन्ही हात वर केले. लताबाईंनी तिला कडेवर घेतलं.

"राकेशला फोन लाव. उद्या रजा टाक म्हणावं," त्यांनी सुनेला आपल्या मुलाला कळवायला सांगितलं. "मीही येते. डॉक्टरांना तोफेचं मीच सांगेन. तुला मीच अडवलं होतं."

पुन्हा तोफ झाली. खाली वाटीवरची मोहरी उडाली. लताबाई दचकल्या आणि त्यांच्या कडेवर यशूही दचकली, किंचित उशिरा.