माझी बाजू, तुमची बाजू

बाबांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं आणि आयुष्यभर त्यांना एकही रस्ता पाठ झाला नाही. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ठरलेल्या मैदानाभोवती फिरायची, चढावर बंद पडायची आणि परत यायची. त्यात रस्ता ठाऊक असण्याची गरज नव्हती. घरच्या गाडीतही नव्हती, कारण तिथे शेजारी आई बसायची.

आई वाचनालयात होती. तिला सगळं शहर पाठ होतं ते पुस्तकं बुडवणाऱ्यांमुळे. कोण कुठल्या गल्लीत राहतं आणि कुठल्या खिडकीतून आपल्याला बघून आत सरकतं, हे तिला तोंडपाठ होतं. बाबांचे हात स्टेअरिंगवर असत आणि डोकं आईकडे गहाण.

लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत आईने ‘डावीकडे’ म्हणत उजवा हात दाखवला होता. दोघं सिनेमाला निघाले होते, पोहोचले एका दगडाच्या खाणीपाशी. तेव्हापासून त्यांच्या गाडीत डावं-उजवं बंद झालं. आई बाबांच्या डाव्या हाताला बसायची, म्हणून डावीकडे म्हणजे ‘माझी बाजू’ आणि उजवीकडे म्हणजे ‘तुमची बाजू’. बाबा म्हणत, जगात काहीही चुकेल, पण आपली बाजू कुठली आणि नवऱ्याची कुठली हे बायको कधी चुकत नाही. आम्ही दोघं भावंडं मागच्या सीटवर बसून हीच भाषा शिकलो. शाळेत कवायतीला ‘डावीकडे वळ’ म्हटलं की मला क्षणभर आई शोधावी लागायची.

आई गेल्यानंतर गाडी काही दिवस दारातच उभी होती. मग बाबा एका सकाळी बँकेत निघाले आणि दुपारी कुठल्यातरी दूरच्या पेट्रोल पंपावरून फोन आला. बाबांना काही झालं नव्हतं. पेट्रोल भरून, टायरची हवा तपासून, काचा पुसून ते निवांत बसले होते. पुढे कुठे वळायचं ते कळेना, म्हणून थांबलो, असं त्यांनी मला सांगितलं. जणू सिग्नल लागला होता.

दादाला ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटली नाही. तो पूल बांधतो. काहीतरी कोसळण्याआधी कोसळेल असं धरून चालणं हा त्याचा धंदाच आहे. त्याने अट घातली. रविवारी बाबांनी नदीपलीकडे त्याच्या नव्या घरी एकट्याने यायचं. आले तर गाडी त्यांची. नाही आले तर किल्ली त्याच्याकडे द्यायची आणि पुढे कुठे जायचं झालं तर त्याला सांगायचं, तो टॅक्सी पाठवेल. बाबा ‘बरं’ म्हणाले. नापास होणार हे दिसत असलेल्या शिकाऊ माणसाला ते असंच ‘बरं’ म्हणत.

मला त्या ‘बरं’ची भीती वाटली. घरात बाबांना चहासुद्धा धड करता येत नव्हता. आईशिवायच्या त्या घरात आणि त्या दिवसांत त्यांना येत असलेली गोष्ट एकच उरली होती, आणि ती दारात उभी होती. तेव्हा बाबांसाठी रस्ता दाखवणारं एखादं अ‍ॅप निवडायचं काम मी अंगावर घेतलं. स्थळं बघावीत तशी आम्ही अ‍ॅप्स बघायला निघालो. मी मागे बसायची. पुढच्या सीटवर आईची उशी होती. तिथे बसू नकोस असं मला कोणी म्हणालं नव्हतं.

पहिल्या अ‍ॅपमधली बाई अतिशय सभ्य होती. ‘किंचित डावे राहा’ म्हणायची. मी मुद्रितशोधनावर पोट भरते, माझा हात आपोआप तांबड्या पेनाकडे जायचा. वळण चुकलं की ती ‘शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या’ असं सांगायची. शक्य असेल तेव्हा म्हणजे काय, बाबांनी विचारलं, घ्यायचा की नाही? एवढ्या भिडस्त बाईबरोबर संसार होणार नाही असं त्यांचं मत पडलं.

दुसरं अ‍ॅप चुकल्यावर काही बोलायचंच नाही. मुकाट्याने नवा रस्ता काढायचं. त्याने बाबा पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ झाले. “मी चुकलो आणि ही गप्प,” ते म्हणाले. “तुझी आई चार दिवस बोलली असती.” थोडं अंतर गेल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि हे काढून टाक म्हणाले.

तिसरं भलतंच उत्साही होतं. खड्डे सांगायचं, पुढे गर्दी आहे म्हणायचं, आणि प्रवास संपला की पडद्यावर तारे उधळून शाबासकी द्यायचं. ज्या माणसाने अर्ध्या शहराला पास-नापास केलं, त्याला हे तारे फार लागले.

पण खरी अडचण तिघींचीही एकच होती. ‘डावीकडे’ ऐकलं की बाबा वेग कमी करत, शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत, ती कुठल्या बाजूला आहे हे पाहत, आणि तोवर चौक मागे पडलेला असे. दिवसभर इतरांना डावं-उजवं शिकवणारा हा माणूस घरच्या गाडीत मात्र ते विसरला होता.

वहिनी त्या संध्याकाळी डबा घेऊन आली होती. तिने तिसऱ्या अ‍ॅपमध्ये आपला आवाज भरता येतो हे शोधून काढलं, आणि मोठ्या मायेने सुचवलं की आईंचे इतके व्हॉइस मेसेज आहेत, त्यातले शब्द काढून कोणीतरी जोडून देईल. बाबा चष्मा पुसत होते. पुष्कळ वेळ पुसला.

“नको,” ते म्हणाले. “तिने खूप सांगितलं. आता तिला सुट्टी.”

मग आवाज मी भरला. बेडरूमचं दार लावून घेतलं आणि अ‍ॅप देईल ते वाक्य वाचायच्या ऐवजी आमचं बोलत गेले. डावीकडेच्या जागी ‘माझी बाजू’. उजवीकडेच्या जागी ‘तुमची बाजू’. रस्ता चुकला की ‘असू दे, पुढून वळू’. आई असं कधीच म्हणाली नसती, पण अ‍ॅपमध्ये चार दिवस बोलण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी फोन हातात धरून मागच्या सीटवर डावीकडे बसले आणि आम्ही बाजार, बँक, दवाखाना सगळं फिरून आलो. एक वळण चुकलं नाही. प्रत्येक सूचनेला बाबा ‘हं’ म्हणत होते. प्रश्न सुटला, असं मी दादाला कळवलं. शिकलेल्या माणसाच्या चुका अशाच व्यवस्थित असतात.

रविवारी अटीप्रमाणे मी आधीच दादाकडे गेले. त्याने बाबांचं लोकेशन टीव्हीवर लावलं होतं. भलामोठा नकाशा आणि त्यावर एक निळा ठिपका. वहिनीने खाण्याच्या बशा आणून ठेवल्या, म्हणजे सामना बघण्याची तयारी पूर्ण झाली.

ठिपका पुलापर्यंत सरळ आला. पुलाला वळण नसतं. पूल उतरल्यावर चौकात डावीकडे वळायचं होतं. ठिपका उजवीकडे वळला.

ठिपका पुढे पुन्हा चुकला, मग पुन्हा. तिकडे माझाच आवाज त्यांना समजावत असणार, असू दे, पुढून वळू. आणि मी जितकी समजावत होते तितके ते लांब जात होते. शेवटी ट्रकांच्या वजनकाट्यापाशी ठिपका थांबला.

“बघितलंस ना,” दादा म्हणाला. त्याच्या बोलण्यात जिंकल्याचा सूर नव्हता, हे मला जास्त लागलं. वहिनी म्हणाली, फोन तरी करू या. दादाने नकारार्थी मान हलवली. मी पडद्याकडे बघत होते. डावीकडच्या जागी उजवी, उजवीकडच्या जागी डावी, एकदाही अपवाद नाही. इतक्या शिस्तीत फक्त बाबाच चुकू शकतात.

“दादा, त्यांनी फोन कुठे लावलाय?”

त्याला प्रश्न कळला नाही. मला उत्तर कळलं होतं. आईच्या बाजूला बाबा काही चिकटवू देणार नव्हते. फोनचा स्टँड त्यांनी आपल्या खिडकीशी, उजव्या हाताला बसवला असणार. तिथून आवाज म्हणाला असणार, माझी बाजू.

मी फोन उचलला आणि परत ठेवला. एकटे म्हणजे एकटे. मी एक शब्द सांगितला असता तर किल्ली वाचली नसती. बशा तशाच पडून राहिल्या. मग ठिपका हलला, वळला, आणि चौकामागून चौक बिनचूक पार करत दादाच्या फाटकाशी आला.

आम्ही खाली गेलो. बाबा गाडीतून उतरून दार लावत होते. फोन आईच्या उशीवर ठेवलेला होता आणि घसरू नये म्हणून वरून सीटबेल्ट लावला होता.

“बाबा, चुकलात तुम्ही,” दादा म्हणाला.

“मी नाही चुकलो. हिला चुकीच्या जागी बसवलं होतं.” बाबांनी सीटकडे बोट दाखवलं. “ती म्हणाली माझी बाजू. मी तिच्या बाजूला वळलो. तू पुलाचा खांब वाटेल तिथे उभा करतोस का?”

दादाने उशीर झाल्याचं काढलं. अटीत वेळ नव्हती, बाबा म्हणाले, आणि एकटा आलो की नाही एवढंच विचारलं. दादाने माझ्याकडे बघितलं. मी फाटकाची कडी बघत होते. तेव्हा त्याने ठरवलं की परतीला तो स्वतः बरोबर बसेल आणि बघेल. इंजिनियर माणूस, तपासल्याशिवाय सही करत नाही.

जेवून निघालो. दादाने पुढचं दार उघडलं आणि उशीवरचा फोन उचलायला हात घातला.

“मागे,” बाबा म्हणाले.

दादा मागे बसला, माझ्या शेजारी, गुडघे छातीशी घेऊन. शाळेत असताना बसायचा तसाच. बाबांनी किल्ली फिरवली. दादाने ती मागितली नाही.

फाटकाबाहेर पडताच दादा पुढे वाकून विचारू लागला, आता कुठली बाजू? बाबांनी आरशातून त्याच्याकडे बघितलं.

“थांब जरा. सांगेल ती.”

पुढच्या सीटवरून माझा आवाज म्हणाला, “माझी बाजू.”

“कळलं गं,” बाबा वैतागून म्हणाले, आणि आईच्या बाजूला वळले.